सहा बोटांचं चित्र

मला कुणी 'खरं सांग' म्हणू नये. मी खरंच सांगून बसते. बावीस वर्षं शेवगावच्या शाळेत चित्रकला शिकवतेय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांचे कागद तपासून तपासून डोळ्यांना अशी खोड लागलीय की समोर काहीही आलं की आधी चूक दिसते. लग्नपत्रिकेवरची वेलबुट्टी दोन्हीकडे सारखी नसते, रसवंतीच्या पाटीवरचा 'स' कलंडलेला असतो, शेजारणीच्या रांगोळीतला मोर लंगडा असतो. मी ते बोलून दाखवते आणि मग शेजारीण चार दिवस माझ्याशी बोलत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला हे पुरतं माहीत होतं. तरी त्या रविवारी ती संगमनेरहून येताना लॅपटॉप घेऊन आली, आईच्या पुढच्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "ताई, गेम पुरा झाला. खेळून बघ. आणि खरं सांग."

ती सदतीस वर्षांची आहे. संगमनेरला एका दूध संघाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, तिथंच खोली घेऊन एकटी राहते, आणि पंधरा दिवसांआड रविवारी आईला भेटायला शेवगावला येते. मीही मग माझ्या घरचं आटपून आईकडे जाते. तिचं लग्न झालेलं नाही. का झालेलं नाही, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही, कारण ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतंच. अठराव्या वर्षी तिच्या हनुवटीखाली पांढरा डाग उठला. मग डाव्या डोळ्याखाली एक आला, मग उजव्या हाताच्या बोटांवर. कोड. औषधं झाली, मलमं झाली, पथ्यं झाली. विहारात पौर्णिमेला सगळ्या बायका पुढे बसतात, ही दाराजवळ बसते.

गेम म्हणजे आपल्या पोरांचे गाड्या उडवायचे गेम असतात तसला नव्हे. याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात, हे मला तिनं सांगितलं. पडद्यावर चित्र येतं, खाली एक-एक ओळ उमटते, आपण बटण दाबलं की पुढची. मध्येच गोष्ट थांबते आणि दोन वाटा विचारते: हे बोलायचं की ते. आपण निवडू तशी गोष्ट वळते. हिची प्रेमकथा होती, आणि तिला तीन शेवट होते. चित्रं एआयनं काढलेली. म्हणजे काय हवं ते शब्दांत लिहून टाकायचं, आणि मशीन चित्र देतं.

इथं मी एक कबूल केलंच पाहिजे. ती चित्रं आधी तिनं मला मागितली होती. तीन वर्षांपूर्वी ती गोष्टीची वही घेऊन आली होती आणि म्हणाली होती, "ताई, तू काढशील? तीसेक चित्रं लागतील." मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत काढते. दिवाळीत आई आजारी होती. मग मे महिन्यात म्हटलं, तर जनगणनेच्या कामाचं प्रशिक्षण का कायसं निघालं. पुढची दिवाळी कशात गेली ते आठवत नाही. तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्यामुळे मशीननं काढलेली चित्रं बघायला मी बसले ती थोडी फुगूनच बसले होते. स्वतः वाढायचं नाही आणि दुसऱ्यानं वाढलं की मीठ कमी म्हणायचं, तसा माझा प्रकार.

गोष्ट मात्र चांगली होती. आजही सांगते, फार चांगली होती.

नायिका भंडारदऱ्याच्या वाटेवरल्या एका खेड्यात दूध संकलन केंद्रावर काम करते. नायक वरच्या वाड्यांवरनं दुधाचे कॅन टेम्पोत घालून आणतो. ती प्रत्येक कॅनमधलं दूध काढून फॅट बघते. तो रोज विचारतो, "आज किती लागली?" आणि ती रोज आकडा सांगते. पहिली वीस मिनिटं एवढंच बोलणं आहे, आणि त्या आकड्यांतच दोघांचं जमत जातं. एके दिवशी तो विचारतच नाही, कॅन उतरवून तसाच निघून जातो. खाली नुसती रिकामी ओळ येते. बटण दाबावं तर पुन्हा रिकामी. पुन्हा रिकामी. मला वाटलं बिघडलं. मग कळलं की ती वाट बघतेय आणि आपल्यालाही वाट बघायला लावलंय. पुस्तकात हे जमलं नसतं. पुस्तकात कोरं पान आपण झटकन उलटून टाकतो.

बोलणंही अस्सल होतं. वरच्या वाडीतली म्हातारी जशी बोलते तशीच बोलते, टेम्पोवाला टेम्पोवाल्यासारखा शिव्या गिळतो. नायिकेला कोड आहे, हे गोष्टीत कुठं ओरडून सांगितलेलं नाही. फक्त मधूनमधून वाटा विचारल्या जातात. तो दुधाचं माप तिच्या हातून घ्यायला हात पुढे करतो, आणि पडद्यावर दोन ओळी येतात: 'हात पुढे कर.' 'ओढणीखाली घे.' असं पाच-सहा वेळा होतं. मी प्रत्येक वेळी ओढणीखाली घेतला. मला तेच शहाणपणाचं वाटलं. मी ज्या शेवटाला पोचले त्यात दोघांचं लग्न होतं, तो भला माणूस निघतो, आणि शेवटच्या चित्राखाली ती म्हणते की लग्नाला सहा वर्षं झाली, त्याला माझ्या हातचा चहा आवडतो, माझा हात त्यानं अजून पाहिलेला नाही. मला वाटलं, शेवट जरा ताणलाय.

आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. मध्येच तिनं मान पुढे करून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हिला बी कोड कामून दिलं गं? गोष्टीत तरी बरी करायची हुती तिला."

धाकटी हसली. म्हणाली, "गोष्टीत तरी राहू दे की आई."

आता चित्रं. उजेड चांगला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. धरणाच्या पाण्यावर संध्याकाळचा जो तांबूसपणा येतो तो मला जलरंगात उभ्या जन्मात नीट साधला नाही. मशीननं तो सहज लावला होता. दुधाच्या कॅनच्या पत्र्यावरची चमक छान होती. एका चित्रात नायिका टेम्पोच्या आवाजाकडे कान देऊन उभी आहे, तिथं तिच्या मानेत जो ताण आहे तो बघायला मी मागे जाऊन ते चित्र पुन्हा उघडलं. आणि ज्या बाईजवळ चित्रकार नाही, स्टुडिओ नाही, जिची सख्खी बहीण चित्रकार असून सुट्टीची वाट बघतेय, तिला एकटीनं बसून एकतीस चित्रं उभी करता आली, ही काही लहान गोष्ट नाही.

पण चुका! चुका तर इतक्या की माझा उजवा हात आपोआप शिवशिवायला लागला. रतनगडाच्या बाजूचे डोंगर परदेशी कॅलेंडरातले दिसत होते, वर बर्फ तेवढा नव्हता. भाकरी इतकी गुळगुळीत गोल की तिच्यावर कधी पीठ थापलंच नसावं. एसटीच्या पाटीवर कुठलीच लिपी नव्हती, नुसत्या वळवळत्या रेघा. बिनलग्नाच्या नायिकेच्या गळ्यात तीन चित्रांत मंगळसूत्र. ओढणी एका चित्रात डाव्या खांद्यावर, पुढच्या क्षणी उजव्या. तांब्याला चहाच्या किटलीसारखी तोटी. आणि नायिकेचा चेहरा! चेहरा दर चार चित्रांनी बदलत होता. डाग तर विचारूच नका. एका चित्रात कपाळावर, एका चित्रात गळ्यावर, काहींत पिठाचा हात लागल्यासारखे, अकरा चित्रांत मुळीच नाहीत.

मी तिला त्या दिवशी एवढंच म्हटलं, "गोष्ट झकास. चित्रांवर मी नीट बघून सांगते." तिनं चित्रं माझ्या मोबाईलवर पाठवून दिली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली.

नीट बघणं म्हणजे माझ्या लेखी एकच असतं. सोमवारी शाळा सुटल्यावर मी बसस्टँडजवळच्या दुकानातून एकतीसच्या एकतीस चित्रांच्या रंगीत प्रिंट काढून आणल्या, जागा भरली म्हणून मोबाईलमधली चित्रं काढून टाकली आणि लाल पेन घेऊन बसले. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलाला ते लाल पेन माहीत आहे. चूक असेल तिथं गोल करायचा, बाजूला दोन शब्द लिहायचे, खाली श्रेणी. मुलांना राग येतो, पण पुढच्या वेळी ती चूक होत नाही. शिकवण्याची मला दुसरी रीत येत नाही. मी चार दिवस ते काम मन लावून केलं. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. मशीनला लाल पेन मारायला मिळालं म्हणून मजा आली.

'छायेची दिशा चुकली.' 'दूरची वस्तू लहान हवी.' 'तांब्याला तोटी नसते.' 'डाग एकसारखे नाहीत.' हे शेवटचं मी अठरा-वीस ठिकाणी लिहिलं. अकरा चित्रांवर 'डाग विसरले' लिहिलं. सतराव्या चित्रात नायिका हनुवटीवर ओढणीचं टोक धरून उभी होती आणि तिच्या उजव्या हाताला सहा बोटं होती. तिथं मी सगळ्यात मोठा गोल केला आणि गोलाच्या आत उद्गारचिन्ह काढलं. शेवटच्या पानावर लिहिलं, 'कथा अ, चित्रं क.' आणि सवयीनं खाली सही केली.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी तो गठ्ठा तिच्या हातात दिला. चहा होईस्तोवर ती एक-एक कागद बघत राहिली. मी समोर बसून प्रत्येक गोल समजावून सांगत होते. तिला सांगत होते की आता यातली वीसेक चित्रं पुन्हा करून घे, बाकीची चालतील. ती सतराव्यावर थांबली. तो कागद तिनं गठ्ठ्यातून बाजूला काढला.

"हे टाकायचं?" तिनं विचारलं.

"टाकायचं म्हणजे काय! सहा बोटं आहेत. लोक हसतील."

"बोटं मला दिसली होती ताई," ती म्हणाली. "एकतीस चित्रांत हे एकच आहे, ज्यात हनुवटीचा डाग हनुवटीवर आला."

मग तिनं सांगितलं. रोज ऑफिस सुटल्यावर खोलीवर येऊन ती मशीनला लिहायची: बाईच्या हनुवटीखाली पांढरा डाग, डाव्या डोळ्याखाली एक, उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना. मशीन कधी डागाच्या जागी ऊन पाडायचं. कधी पीठ लावायचं. कधी चिखल. कोड म्हणून लिहिलं तर बाई म्हातारी करायचं, आजारी करायचं, दवाखान्याच्या खाटेवर बसवायचं. प्रेमात पडलेली बाई आणि डाग असलेली बाई एकाच चित्रात त्याला जमतच नव्हती. शेवटी कितीतरी दिवसांनी एका संध्याकाळी हे एक चित्र आलं. डाग जागेवर, चेहरा तरुण, डोळ्यांत जसं हवं होतं तसं. बोटं सहा. ती म्हणाली, "मी म्हटलं, असू दे. एक बोट जास्ती आलं तर आलं."

मला वाईट वाटलं, पण माझं वाईट वाटणं नेहमी आधी रागाच्या दारातून बाहेर येतं. मी मशीनवर तोंडसुख घेतलं. म्हटलं, "बघ, म्हणूनच मी म्हणते. त्याला माणूस दिसतच नाही. त्याला फक्त गुळगुळीत बाया माहीत. डाग दिसला की पुसून मोकळं. अक्कल नाही, नजर नाही."

ती मान खाली घालून कागद नीट जुळवत होती. म्हणाली, "मशीनला काय बोलते ताई. पहिल्यांदा तूच पुसले होतेस."

आई चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

ती कशाची आठवण काढतेय ते आईला आणि मला एकदमच कळलं. चौदा वर्षांपूर्वी, ती तेवीस वर्षांची असताना, तिला बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा शिक्षक होता, माणसं चांगली वाटत होती. फोटोत डाग दिसत नव्हते, कारण फोटो मीच निवडला होता. आदल्या दिवशी आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला रंगाचं कळतं. बघ काही हुतंय का." मी नगरहून तीन शेडचे फाउंडेशन आणले. कुठलाच तिच्या रंगाशी जुळेना, म्हणून मी ते बशीत मिसळले, त्यात किंचित पिवळा, किंचित विटकरी, जसं पॅलेटवर करते तसं. हनुवटी, डोळ्याखाली, मग हाताचं एक-एक बोट. दोन तास लागले. कडा अशा मिटवल्या की जवळून बघितलं तरी कळेना. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चोख काम असेल. मी तिला आरसा दाखवला तेव्हा तिनं काही म्हटलं नाही. मला वाटलं, खूष आहे.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, पसंतीचं बोलणं सुरू झालं. आमच्यात पद्धत आहे, मोठ्यांचं होत आलं की मुलामुलीला पाच मिनिटं आतल्या खोलीत बोलू देतात. तशी ती दोघं आत गेली. पाच मिनिटांनी मुलगा बाहेर आला आणि त्यानं वडिलांना, निघू या, एवढंच सांगितलं. मी आत धावले. ती माठाजवळ उभी होती. ओढणीचं टोक ओलं होतं आणि त्यावर माझा रंग होता. हनुवटी स्वच्छ पुसलेली. हात धुतलेले.

त्या वेळी मी तिला काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "दोन तास लागले होते मला."

त्या खोलीत मुलगा तिच्याशी काय बोलला हे तिनं कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही. त्यानंतर आणखी दोन-तीन स्थळं आली तेव्हा ती बघण्याच्या कार्यक्रमालाच बसेना, आणि मग स्थळं येईनाशी झाली.

आणि आता तो सतरावा कागद तिच्या मांडीवर होता. ओढणीचं टोक, हनुवटी, बाजूला पाण्याचा तांब्या. गेममध्ये त्या चित्राखाली हनुवटीवरच्या उरलेल्या रंगाबद्दल दोन ओळी येतात: 'पूस.' 'राहू दे.' पंधरा दिवसांपूर्वी याच पलंगावर बसून मी 'राहू दे'वर बोट ठेवलं होतं आणि पुढे गेले होते. मला ते चित्र बघताना काही आठवलं नव्हतं. मी तांब्याची तोटी बघत होते.

मी तिची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. मी म्हटलं, "तेव्हा आपण सगळे तुझ्या भल्यासाठीच..." आणि आईनं पुढचं वाक्य उचललं, "व्हय गं, कुणाला हाऊस हुती का?" धाकटी म्हणाली, "न्हाई आई, तसं न्हाई म्हनत मी." आईशी बोलताना ती आईसारखंच बोलते. मग तिनं चहा घेतला, गठ्ठा पिशवीत टाकला आणि नेहमीच्या गाडीनं गेली.

महिन्याभरानं तिनं मला फोनवर सांगितलं की गेम टाकला. इंटरनेटवर अशा गेमची एक जागा असते, तिथं कुणीही येऊन खेळू शकतं. मी लगेच उघडला. सगळी चित्रं नवी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चेहरा, एकच ओढणी, तीही एकाच खांद्यावर. तांब्याला तोटी नव्हती. भाकरीला पापुद्रा होता. बोटं मोजली, प्रत्येक हाताला पाच. माझा एकही लाल गोल तिनं वाया जाऊ दिला नव्हता. नायिका नितळ होती. कुठंही डाग नव्हता. हात ओढणीखाली घ्यायचा का, हे आता गोष्ट विचारत नव्हती. सतरावं चित्र नव्हतंच. तो प्रसंगच गेला होता.

खाली लोकांनी लिहिलं होतं, गोड कथा, गावाकडची भाषा मस्त. कुणी लिहिलं होतं, नायिका किती सुंदर आहे. मी ते वाचलं आणि मोबाईल बंद केला. शाळेतली पोरं मला कडक म्हणतात, पण त्या दिवशी मी रडले. माझ्या घरात कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडले.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा विचारलं, "डाग का काढलेस गं?"

"तूच म्हणालीस ना, एकसारखे नाहीत." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "डाग काढले की त्याला बाकीचं सगळं नीट जमतं. एकतर डाग सांभाळतं, नाहीतर बोटं. लोकांना बोटं दिसतात."

"जुनी चित्रं ठेवलीस का?"

"नाही. कशाला?"

आईनं ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. आम्ही दोघी समोरासमोर जेवायला बसलो. मी बोलत राहिले. म्हटलं, झालं ते झालं, आता मी काढते. एकतीस चित्रं, हातानं, जलरंगात. शाळा सुटल्यावर रोज दोन तास बसते, सुट्टीची वाट बघत नाही. डागांसकट काढते. तू जुनी गोष्ट परत घाल, ओढणीचं, हात लपवायचं, सगळं. तुझ्याशिवाय त्या गोष्टीला अर्थ नाही. मी पहिल्यांदाच तिच्यासमोर एवढं मनापासून बोलत होते, आणि मला वाटलं की आता काहीतरी सांधलं जाईल. ती भाकरीचा तुकडा मोडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काढ."

"मग दर खेपेला तासभर बसशील माझ्यासमोर? तुझ्यावरनंच काढते तिला."

"बसायला कशाला पाहिजे?" ती म्हणाली. "तुला माहितीच आहे की मी."

बुधवारी शाळा लवकर सुटली. मी घरी येऊन चांगला जाड कागद फळीला लावला, पाणी घेतलं, एचबी पेन्सिल टोकदार केली. तिचा चेहरा मला पाठ आहे. कपाळ आईचं, भुवया वडिलांच्या, कान जरा बाहेर आलेले. भांग डावीकडून. हसली की उजवीकडचा ओठ आधी उचलला जातो. दहा मिनिटांत ती कागदावर आली, इतकी तीच की मला माझंच कौतुक वाटलं. मग मी डाग काढायला पेन्सिल हनुवटीवर नेली.

तिथं माझा हात थांबला. चौदा वर्षांपूर्वीचा डाग मला माहीत होता, कारण तो मी बोटानं झाकला होता. रुपयाएवढा, डावीकडे थोडा निमुळता. पण कोड वाढतं. तो आता कुठवर आला असेल? ओठाला लागला का? डोळ्याखालचा पापणीवर चढला, की तिथंच आहे? बोटांची नुसती टोकंच पांढरी आहेत, की सगळा पंजा? मी डोळे मिटून आठवायला लागले. मला तिच्या ताटातलं भरीत आठवलं, तिचा निळा कुडता आठवला, ती भाकरी मोडत होती ते आठवलं. हात आठवेना. मी तिच्याकडे बघताना कुठं बघते, हेच मला कळेना.

अर्धा तास तशीच बसून शेवटी मी फोन लावला. ती ऑफिसात होती, मागे कॅन आपटल्याचे आवाज येत होते.

"ऐक ना," मी म्हटलं, "चित्र काढायला घेतलंय. हनुवटीचा डाग आता ओठापर्यंत आलाय का गं? आणि हाताचा कुठवर आहे?"

पलीकडे कॅन आपटतच होते. मला वाटलं, गोंगाटात ऐकू गेलं नसेल, म्हणून मी पुन्हा विचारलं.

"ताई," ती म्हणाली, "रविवारी आपण समोरासमोर बसून जेवलो ना गं?"

मी म्हटलं, "हो."